पाच बोटं वर

"तुमच्यांचं कुठे आहे?" असं तिने विचारलं तेव्हा मला क्षणभर वाटलं, ती गाव विचारतेय. एमआरआयच्या खोलीबाहेरचा तो लांब बाक. आतून यंत्राचा ठकठक आवाज येत होता, समोरच्या भिंतीवर धातूच्या वस्तू बाहेर ठेवण्याची सूचना होती, आणि आम्हा दोघींच्या मांडीवर दोन पेशंटांची घड्याळं, चष्मे, बांगड्या. मी काहीच बोलत नाही असं पाहून ती म्हणाली, "गाठ हो. कुठे आहे म्हणाले?" मग मी बेंबीच्या थोडं वर, किंचित उजवीकडे, स्वतःच्याच पोटावर बोट टेकवलं. "इथे. पित्ताची नळी आतड्यात उघडते ना, त्या तोंडाशी." तिने माझं बोट नीट पाहून घेतलं. स्वतःच्या पोटावर बरोबर त्याच जागी डावा पंजा आडवा ठेवला आणि पंजाच्या वरच्या कडेला उजव्या हाताचं बोट लावलं. शिंपी माप घेतो तसं. "ह्यांचं इथे. पाच बोटं वर." मग दोघींनी आकार सांगितले. आत्याची दीड सेंटिमीटर, तिच्या नवऱ्याची दोनला थोडी कमी. "म्हणजे सारखंच की," ती म्हणाली.

मी "हो" म्हणाले. ते सारखं नव्हतं हे मला त्याच सकाळी डॉक्टरांनी कागदावर रेघा मारून समजावलं होतं. आणि ती पंजा ठेवून मोजत होती तेव्हा माझ्या छातीतून जे हलकं हलकं काहीतरी सरकलं, त्याला सुटका याखेरीज दुसरा शब्द मला अजून सापडलेला नाही.

या गोष्टीला अडीच वर्षं झाली.

आत्याचं दुखणं खाजेने सुरू झालं. तळहात, तळपाय, मग सगळं अंग, आणि तेही रात्री. ती चित्रकलेची शिक्षिका होती. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी ब्रश हाताशीच असायचे. त्यातल्या सगळ्यात लांब ब्रशच्या दांड्याने ती पाठ खाजवत बसायची. अंगावर पुरळ नाही, चट्टा नाही, नुसती खाज. "पित्त उठलंय गं," म्हणायची. मीही मान डोलवायची. पित्ताइतका राबवून घेतलेला शब्द मराठीत दुसरा नसेल. छातीत जळजळलं की पित्त, डोकं धरलं की पित्त, अंगावर गांधी उठल्या की पित्त, आणि कुणी उलट बोललं की खवळतं तेही पित्तच. खरं पित्त यातलं काहीच करत नाही. जळजळ जठरातल्या आम्लाची, गांधी ॲलर्जीच्या, आणि राग ज्याचा त्याचा. पित्त बिचारं यकृतात तयार होतं, रोज अर्धा ते एक लिटर, आणि नळीतून उतरून आतड्यात स्निग्ध पदार्थ पचवायला मदत करतं. पण आयुष्यभर हा शब्द चुकीच्या जागी वापरल्यानंतर आत्याने तो त्या महिन्यात पहिल्यांदा अचूक वापरला होता. पित्त उतरायची वाट बंद होत आली होती, ते मागे तुंबून रक्तात मिसळत होतं, आणि खाज त्याचीच होती. आम्ही दोघींनी ॲलर्जीच्या गोळ्यांची दोन पाकिटं संपवली.

रंग मला दिसला तो भर दुपारी, खिडकीजवळ. खोलीतला दिवा पिवळसर असेल तर डोळ्यांतली कावीळ लपते, हे मला नंतर कळलं. आणि आत्याच्या घरात संध्याकाळनंतर तसलेच दिवे असायचे. त्या दुपारी ती मान वर करून पडद्याची कडी बसवत होती आणि तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग मला दिसला. मी आधी काही बोललेच नाही. तिला म्हटलं, "आरशात बघ जरा." ती आरशापुढे गेली, खालची पापणी ओढली आणि वर्गात मुलाचं चित्र तपासावं तशा आवाजात म्हणाली, "लेमन यलो. अजून ऑकर नाही." मग तिने बाकीचं सांगितलं, जे ती तीन आठवडे कुणाला सांगत नव्हती. शौचाचा रंग उतरत चाललाय, मातकट पांढुरका, चिकणमातीसारखा. लघवी मात्र गंजक्या पाण्यासारखी गडद. "एकीकडचा रंग दुसरीकडे गेलाय," ती म्हणाली. तिला त्यातलं शास्त्र माहीत नव्हतं, पण वाक्य शब्दशः खरं होतं. तांबड्या पेशी साधारण 120 दिवस जगतात आणि मोडतात. त्यांच्यातल्या लोहवाहक रंगद्रव्याचं आधी हिरवं बिलिव्हर्डिन होतं, मग पिवळं बिलिरुबिन. गुडघ्यावरचा काळानिळा डाग आधी हिरवा आणि मग पिवळा होत विरतो, तेव्हा हाच प्रवास कातडीखाली उघड चाललेला असतो. एरवी हे बिलिरुबिन पित्तातून आतड्यात जातं, तिथले जीवाणू त्याचं तपकिरी द्रव्य करतात, आणि शौचाला रंग येतो. वाट बंद झाली की तिकडचा रंग जातो आणि तेच बिलिरुबिन मूत्रपिंडांतून बाहेर पडायला लागतं. हे सगळं वाचून मी तिला सांगितलं तेव्हा तिने एकच प्रश्न विचारला, "गोरोचन म्हणजे हेच ना मग?" हेच. गुरांच्या पित्ताशयातल्या खड्यापासून मिळणारा तो पिवळा रंग.

मध्ये एक आठवडा पिवळेपणा चक्क उतरला. आम्ही खूश. औषध लागू पडलं म्हणून मी कुणाकुणाला फोनही केले. या तोंडापाशी वाढणाऱ्या गाठीचा थोडा भाग कधी कधी झडतो, वाट तात्पुरती मोकळी होते आणि कावीळ कमी-जास्त होत राहते, हे तेव्हा कुठे माहीत होतं. त्या आठवड्यातली आमची चेष्टामस्करी आठवली की आता अंगावर काटा येतो.

डॉक्टर तरुण होते. "आजी, झोपा इथे," म्हणाले. आत्याने "आजी म्हणू नका" असं सांगून झोपून घेतलं. उजव्या बरगडीखाली त्यांनी बोटं आत घातली, हळूच, श्वास घ्यायला सांगत सांगत. एका जागी बोटं थांबली. पुन्हा तिथेच गेली. "इथे दुखतं का?" आत्या अभिमानाने म्हणाली, "अजिबात नाही." मला हायसं वाटलं. दुखत नाही म्हणजे काही नाही, या हिशोबावरच तर आपण सगळे जगतो. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, "आधी कधी? पोटात कळा? ताप?" नाही, नाही. प्रत्येक "नाही"ला मी मनात एकेक गुण देत होते आणि डॉक्टरांचा चेहरा मात्र गंभीर होत चालला होता.

त्यांच्या बोटांना लागलं होतं ते फुगलेलं पित्ताशय, गुळगुळीत आणि न दुखणारं. लुडविग कुर्व्होझिए नावाच्या बाझलच्या सर्जनने 1890 मध्ये पित्तनलिका बंद झालेल्या 187 रुग्णांची नोंद तपासून सांगितलं होतं की कावीळ आहे आणि पित्ताशय असं फुगलेलं हाताला लागतंय, तर कारण सहसा खडा नसतं. खडे वर्षानुवर्षं त्रास देत आलेले असतात, त्या सुजेने पित्ताशयाची भिंत जाड आणि आखडलेली होते, ती फुगत नाही. सावकाश, बिनबोभाट वाट बंद करणारं काहीतरी असेल तरच ते निरोगी फुग्यासारखं ताणतं. वैद्यकाचे विद्यार्थी याला कुर्व्होझिएचा नियम म्हणून पाठ करतात. अपवाद असतात, पण डॉक्टर अपवादावर विसंबत नाहीत. हा माणूस फुलपाखरांचाही अभ्यासक होता, निळ्या छोट्या फुलपाखरांच्या कुळाचा. हे वाचलं तेव्हा मला का कुणास ठाऊक बरं वाटलं. आत्याच्या पोटावर ठेवलेल्या त्या बोटांमागे पंख न चुरगाळता उचलण्याची सवय असलेली बोटं होती, असं काहीतरी.

"एमआरसीपी करू," डॉक्टर म्हणाले. म्हणजे एमआरआयच्याच यंत्रावर काढलेलं पित्ताच्या नळ्यांचं चित्र. म्हणून तो बाक.

एमआरसीपीचं चित्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते कुणी सांगितलं नसतं तर मी हिवाळ्यातलं झाड म्हटलं असतं. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरंशुभ्र. यकृतातल्या बारीक बारीक नळ्या म्हणजे डहाळ्या, त्या जुळत जुळत उजवी आणि डावी अशा दोन फांद्या होतात, दोन्ही यकृताच्या दाराशी एकत्र येतात, तिथून एक खोड खाली उतरतं, वाटेत त्याला पित्ताशयाची नळी येऊन मिळते, आणि बुंधा आद्यांत्रात उघडतो. आद्यांत्र हा पुस्तकी शब्द. रुग्णालयात सगळे ड्युओडेनम म्हणतात. जठर संपल्यावर लहान आतड्याचा जो पहिला तुकडा सुरू होतो तो. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात हिरोफिलसने त्याला नाव दिलं ते मापावरूनच, बारा बोटं लांबीचा. ड्युओडेनम हे त्या ग्रीक शब्दाचंच लॅटिन रूप, आणि त्यात बाराचा आकडा अजून आहे. सुमारे 25 सेंटिमीटर. हा तुकडा इंग्रजी सी अक्षरासारखा वळतो आणि त्या वळणाच्या कुशीत स्वादुपिंडाचं डोकं बसलेलं असतं. पित्ताची नळी आणि स्वादुपिंडाची नळी दोघी आतड्यात शिरताना एकाच उंचवट्यावर येतात. त्या जागेला व्हाटरचं नाव आहे, 1720 मध्ये त्याने तिचं वर्णन केलं. तिथे उघडझाप करणारा जो स्नायूचा कडा आहे त्याला ओडीचं. रुग्गेरो ओडीने 1887 मध्ये त्यावर निबंध लिहिला तेव्हा तो अजून विद्यार्थी होता, तेवीस वर्षांचा.

आत्याच्या चित्रात खोड नेहमीच्या दुपटीहून जास्त जाड झालं होतं, चौदा मिलिमीटर. शेजारून येणारी स्वादुपिंडाची नळीही फुगलेली. दोन्ही नळ्या एकाच वेळी फुगल्यात म्हणजे अडथळा दोघींच्या सामायिक तोंडाशी आहे, हे न शिकलेल्या माणसालाही पटावं. दोन नद्यांना एकदम फुगवटा आला तर बांध संगमाच्या खाली कुठेतरी असणार.

मग दुर्बीण घातली. या कामाची दुर्बीण वेगळी असते, तिचा डोळा पुढे नसून बाजूला असतो, कारण तो उंचवटा आतड्याच्या भिंतीत आहे आणि समोर बघत गेलं तर तो बाजूने निसटतो. पडद्यावर मला दाखवलं. भिजलेल्या मखमलीसारखा गुलाबी, थोडा उचललेला भाग, करंगळीच्या नखाएवढा. इतकं साधं दिसत होतं. तुकडा काढून तपासायला पाठवला आणि अहवाल आला: ॲडिनोमा, म्हणजे कर्करोग नसलेली साधी गाठ, पेशींत मोठे बदल, कर्करोग आढळला नाही. मी तो कागद छातीशी धरून सर्जनकडे गेले. ते म्हणाले, "यावर माझा विश्वास नाही." मला राग आला. छापील अहवालावर विश्वास नाही म्हणजे काय? त्यांनी शांतपणे समजावलं. या जागच्या गाठी पुष्कळदा साध्या ॲडिनोमापासून हळूहळू बदलत जातात. चिमट्याने वरवरचा कण उचलला तर तो साध्या भागातला येऊ शकतो, कर्करोग आत खोल एका कोपऱ्यात असतो. नळ्या दोन्ही फुगल्यात, कावीळ आहे, तेव्हा ते कागदाकडे न बघता चित्राकडे बघणार होते. चित्रकलेच्या शिक्षिकेला हे लगेच पटलं. मला पटायला दोन रात्री लागल्या.

त्या दोन रात्री मी जे वाचत सुटले त्याचं आता हसू येतं. कुणालाही पडतो तोच प्रश्न, का. लहान आतडं एवढं लांब, पचनसंस्थेचा सर्वांत लांब भाग, आणि तरी तिथे कर्करोग फार क्वचित होतो. पदार्थ तिथून भरभर पुढे सरकतात, पातळ असतात, जीवाणू कमी असतात, अशी कारणं दिली जातात. आणि जे थोडे होतात त्यातले पुष्कळसे या पहिल्या बारा बोटांतच, जिथे पित्त येऊन पडतं. ज्यांच्या घराण्यात मोठ्या आतड्यात शेकड्याने पॉलिप होण्याचा आनुवंशिक आजार आहे, त्यांचं मोठं आतडं वेळेवर काढून वाचवलं तरी पुढे हीच जागा दगा देते. "घरात कुणाला?" असं डॉक्टरांनी मला तीनदा विचारलं होतं ते यासाठी. नव्हतं कुणाला. आत्याला वेगळीच शंका होती. चाळीस वर्षं रंग, टर्पेंटाइन, कॅडमियम यलो. मी तिला धीर द्यायला म्हणून नेमकी चुकीची गोष्ट सांगितली. जपानमध्ये ओसाकातल्या एका छापखान्यात तरुण कामगारांना पित्तनलिकेचा कर्करोग होत होता, ज्या वयात तो सहसा होतच नाही त्या वयात. शोध घेता रोळांवरची शाई पुसायच्या द्रावणात दोष निघाला, त्यातलं डायक्लोरोप्रोपेन. 2013 मध्ये ते प्रसिद्ध झालं आणि पुढच्याच वर्षी ते रसायन माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात गेलं. थायलंडच्या ईशान्येला हाच कर्करोग जगात सर्वाधिक आढळतो, कारण कच्च्या माशातून पोटात जाणारा यकृतातला चपटा कृमी. तो पित्तनलिकांमध्ये वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतो आणि नळीची भिंत सतत सुजलेली राहते. आत्याने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "मी ब्रश साबणाने धुवायची. मासा मी खातच नाही. म्हणजे माझं कारण काय?" डॉक्टरांनी दिलेलं उत्तर मी तिला तसंच सांगितलं: बहुतेकांना कारण सापडत नाही. तिला ते अपमानास्पद वाटलं. एवढा मोठा आजार आणि साधं कारणही नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सर्जननी एका कोऱ्या कागदावर आकृती काढून दाखवली. गाठ दीड सेंटिमीटरची, पण काढायचं काय काय, तर अख्खं आद्यांत्र, स्वादुपिंडाचं डोकं, पित्ताशय, पित्तनलिकेचा खालचा भाग. "एवढ्याशासाठी?" मी म्हटलं. ते म्हणाले, आद्यांत्र आणि स्वादुपिंडाचं डोकं एकाच रक्तवाहिन्यांवर पोसलेले आहेत. एकाचा रक्तपुरवठा तोडला की दुसरं जगत नाही. मग पुन्हा तीन जोड. स्वादुपिंड आतड्याला, पित्तनलिका आतड्याला, जठर आतड्याला. तिघांतला पहिला नाजूक, तो गळला तर पाचक रस आपल्याच पोटात पसरतो. ते बोलत होते आणि आत्या कागदाकडे बघत होती. शेवटी तिच्याने राहवेना. त्यांच्या हातून पेन घेऊन म्हणाली, "हे वळण असं गोल आहे की तुम्ही काढलंय तसं चौकोनी?" सर्जन म्हणाले, "गोल." तिने ते गोल केलं, स्वादुपिंडाला थोडी छाया दिली, तिन्ही जोड फुल्यांनी दाखवले, आणि कागद त्यांना परत दिला. तो त्यांनी घडी करून खिशात ठेवला. पुढे काय केलं कुणास ठाऊक.

या ऑपरेशनला व्हिपलचं नाव आहे. न्यूयॉर्कच्या ॲलन व्हिपलने 1935 मध्ये याच जागच्या कर्करोगाच्या तीन रुग्णांवर केलेली शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली, तीही दोन टप्प्यांत, मध्ये काही आठवडे सोडून. त्याच्याआधी बर्लिनमध्ये वाल्टर काउशने 1909 मध्ये असंच काही केलं होतं. दोन टप्पे का, तर कावीळ झालेल्या माणसाला कापलं की रक्त थांबत नसे. पित्त आतड्यात पोचलं नाही तर स्निग्ध पदार्थांबरोबर शोषलं जाणारं के जीवनसत्त्व शोषलं जात नाही, आणि त्याच्याशिवाय रक्त गोठत नाही. म्हणून आधी पित्ताला पर्यायी वाट करून द्यायची, माणूस सावरू द्यायचा, मग उरलेलं काम. हेन्रिक डॅमने के जीवनसत्त्वाचा शोध लावला, ते औषध म्हणून हाताशी आलं, आणि 1940 मध्ये व्हिपल सगळं एका बैठकीत करू शकला. आत्याला तीन दिवस इंजेक्शनं दिली जात होती ती याचीच. नर्स "व्हिटॅमिन आहे" म्हणायची आणि मला ते ताकदीचं औषध वाटायचं.

साडेसात तास मी बाहेर होते. ती बाईही होती, वेगळ्या कारणासाठी. तिच्या नवऱ्याला ऑपरेशन मिळणार नव्हतं.

हे लिहायचं म्हणून इतका वेळ घेतला. पाच बोटं वर म्हणजे जिथे उजवी आणि डावी फांदी एकत्र येते ती जागा, यकृताच्या दारातली. जेराल्ड क्लाट्स्किनने 1965 मध्ये असे तेरा रुग्ण नोंदवले, तेव्हापासून त्या गाठीला त्याचं नाव चिकटलंय. दोन सेंटिमीटरची गाठ, पण ती दोन्ही फांद्यांत वर चढत जाते आणि शेजारीच यकृताची धमनी आणि मोठी शीर असते. एकच फांदी बंद झाली असती तर कावीळसुद्धा झाली नसती, कारण दुसरी बाजू मुकाट्याने दोघांचं काम करते. शरीर असं सांभाळून घेतं आणि त्यातच वेळ जातो. त्याचं पित्ताशय डॉक्टरांच्या बोटांना लागलंच नव्हतं. अडथळा पित्ताशयाच्या वर होता, ते रिकामंच राहिलं होतं. आत्याची गाठ नेमकी आतड्याच्या दारात बसली, पहिल्या महिन्यातच सगळं घर पिवळं करून बोंब मारली, म्हणून सापडली. हे वाक्य सर्जनचं आहे, थोडं माझं. ते म्हणाले होते, "कावीळ झाली हे नशीब समजा." मला तेव्हा ते निर्दय वाटलं होतं.

दोघींचा आणखी एक घोळ झाला होता. तिच्या नवऱ्याला स्टेंट टाकला आणि आत्याला नाही टाकला, म्हणून मी हळहळत होते, आपल्याकडे काही कमी करतायत का. खरं उलट होतं. ज्यांचं ऑपरेशन लगेच व्हायचंय त्यांना आधी नळी टाकून कावीळ उतरवली तर संसर्ग आणि गुंतागुंत वाढते, असं नेदरलँड्समधल्या 2010 च्या एका अभ्यासात दिसलं होतं, आणि आत्याचं बिलिरुबिन त्या अभ्यासातल्या मर्यादेत होतं. स्टेंट ही तिच्या नवऱ्यासाठी तयारी नव्हती, तोच उपचार होता. तोही एका बाजूला नीट बसला नाही. मग बरगड्यांमधून सुई घालून थेट यकृतातल्या नळीत कॅथेटर सोडलं आणि पित्त बाहेर पिशवीत काढलं. ती पिशवी तो पायजम्याच्या नाडीला अडकवून कॉरिडॉरमध्ये फिरायचा. पन्नाशीही न गाठलेला माणूस, हसतमुख, बुद्धिबळाचे डाव मोबाईलवर खेळणारा. आत्या ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी भिंतीला धरून चालायला लागली, तेव्हा दोघांची समोरासमोर गाठ पडली. एकीच्या पोटातून दोन नळ्या, एकाच्या कुशीतून एक. आत्याने पिशवीकडे टक लावून पाहिलं. सकाळी सोनेरी असलेलं पित्त दुपारपर्यंत हवेने हिरवट झालं होतं. "हा रंग ट्यूबमधून येत नाही," ती म्हणाली. तो म्हणाला, "घ्या की बाई, रोज अर्धा लिटर तयार होतो." त्याने तिला बाई म्हटलं याचा तिला फार आनंद झाला. चाळीस वर्षं तिला सगळे बाईच म्हणत आले होते.

त्याला रक्ताची गरज पडली त्या रात्री मी दोन दाते मिळवून दिले. तेव्हा त्या बाईने माझा नंबर घेतला आणि मी तिचा. नाव विचारायचं राहून गेलं. माझ्या फोनमध्ये ती "एमआरआय बाक" या नावाने आहे.

आत्याचा अंतिम अहवाल आला. कर्करोगच होता, अगदी आतल्या कोपऱ्यात, सर्जन म्हणाले होते तसा. गाठीच्या कडा मोकळ्या, लिम्फ ग्रंथींत काही नाही. मी तो कागद घेऊन जिना उतरत होते आणि ती बाई वर येत होती. "आला?" "आला." "काय?" मी म्हटलं, "अजून नीट कळलं नाही. दाखवायचाय." कागद माझ्या हातात होता, मराठीत सांगता आलं असतं इतका साधा. ती म्हणाली, "चांगलाच असेल बघा, तुमच्या बाई खमक्या आहेत." आणि वर गेली.

पाची बोटं सारखी नसतात असं आपण माणसांबद्दल म्हणतो. मी हल्ली ते ऐकलं की स्वतःच्या पंजाकडेच बघते.

आत्या आता प्रत्येक जेवणाबरोबर स्वादुपिंडाच्या रसाच्या कॅप्सूल घेते, एकदम जेवू शकत नाही, आणि अकरा किलोंनी कमी झाली आहे. व्रणापाशी ओढ लागते. दर सहा महिन्यांनी स्कॅन. त्याच कॉरिडॉरमध्ये, त्याच बाकावर आम्ही बसतो. गेल्या खेपेला तोच तरुण डॉक्टर तिच्या पोटावर बोटं ठेवून म्हणाला, "दुखतं का?" आणि ती म्हणाली, "हो, थोडं, टाक्यांच्या रेघेवर." तो "बरं" म्हणाला, आणि त्या "बरं"मध्ये काय होतं ते आम्हा दोघींनाही कळलं. बाहेर आल्यावर आत्याने विचारलं, "तो पिशवीवाला कसा आहे गं? बुद्धिबळवाला?"

मी फोन काढला. "एमआरआय बाक"चा डीपी आधी दोघांचा होता, कुठल्यातरी पायऱ्यांवर बसलेले. आता तिथे मुलाचा फोटो आहे, शाळेच्या गणवेशातला. त्यावरून काहीच समजत नाही, लोक डीपी बदलतातच. मी "कसे आहेत?" एवढं लिहिलं आणि पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. आत्या शेजारी बसून माझ्या अंगठ्याकडे बघत होती. "पाठव की," म्हणाली. मी म्हटलं, घरी गेल्यावर पाठवते. तिने उत्तर दिलं तर ती लगेच उलट विचारणार, तुमच्या बाई कशा आहेत, आणि मला लिहावं लागेल, बऱ्या आहेत.